डॉल्बीवर वाजतं ते गाणं नेमकं कुणाचं?

गणेशोत्सव तोंडावर आला की कोल्हापुरात दोन प्रकारच्या बैठका सुरू होतात. मंडळांच्या बैठकीत यंदा कोणता साउंड सांगायचा याची चर्चा असते आणि पोलिसांच्या बैठकीत तो किती वाजवायचा याची. आवाज, बेस, स्पीकरच्या भिंती, दंड, सगळ्यावर बोलून होतं. ज्या ट्रॅकवर महाद्वार रोडला गर्दी उसळते तो केला कुणी, हा विषय मात्र कुठल्याच बैठकीत निघत नाही. तो करणारा पोरगा बहुतेक वेळा उपनगरातल्या एखाद्या माडीवरच्या खोलीत एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि हेडफोन एवढ्या भांडवलावर बसलेला असतो.

त्याच्या धंद्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. आईवडलांना वाटतं यात काही राम नाही. मित्रांना वाटतं यूट्यूबवर लाखांनी व्ह्यूज आहेत म्हणजे याची चांदी आहे. दोघंही चुकतात, कारण या धंद्यात कुठल्या वस्तूची मालकी कुणाकडे असते हे नीट कुणी सांगत नाही. व्ह्यूज एकाचे, पैसे दुसऱ्याचे, असं इथं रोज घडतं.

## आधी माणसं ओळखून घेऊ

मिरवणुकीत गाडीवर उभा राहून गाणी लावतो तो डीजे. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर सांभाळतो तो साउंडवाला किंवा ऑपरेटर. शून्यापासून नवं संगीत कॉम्प्युटरवर रचतो तो प्रोड्यूसर. आणि दुसऱ्याचं तयार गाणं घेऊन त्याचा ताल, बेस, मांडणी बदलतो तो रिमिक्सर. पुष्कळदा ही चारी कामं एकच माणूस करतो, म्हणून घोळ होतो. डीजेचा हिशेब सुपारी संपली की संपतो. रिमिक्सरचा ट्रॅक मात्र पेनड्राइव्हमधून गावोगाव जातो, आणि कुठं कुठं गेला ते त्याला कळतही नाही.

आपल्या पट्ट्यात ट्रॅकचे प्रकारही ठरलेले आहेत. हलगी मिक्स, ढोलकी मिक्स, टपोरी मिक्स, आणि साउंडचा दम दाखवायला केलेला साउंड चेक. या शेवटच्या प्रकारात गाणं नावापुरतं. बाकी हॉर्न, सायरन आणि बेस. त्याला संगीत म्हणायचं का यावर खुशाल वाद घाला, पण त्यातलं बेसचं काम वाटतं तितकं सोपं नसतं.

आणि हे सगळं कालपरवाचंही नाही. जमैकात किंग टबी नावाचा रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ १९७० च्या आसपास गाण्यातला गळा काढून ड्रम आणि बेस पुढे आणत होता. १९७० च्या दशकातच न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टनने नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवायला सुरुवात केली. मुंबईत चरणजित सिंग या वादकाने १९८२ मध्ये रोलँड कंपनीची ताल आणि बेसची यंत्रं घेऊन त्यांवर राग वाजवले. त्या रेकॉर्डकडे तेव्हा कुणी फारसं पाहिलं नाही आणि दोन-तीन दशकांनी जगभरचे लोक ती शोधत आले. पुढे फ्रूटीलूप्स (आजचं एफएल स्टुडिओ, १९९७) आणि एबलटन लाइव्ह (२००१) आलं, आणि स्टुडिओ खोलीत मावायला लागला.

## खोलीत नेमकं काय चालतं

समजा एका जुन्या मराठी गाण्याचा रिमिक्स करायचा आहे. पहिली पायरी म्हणजे गाण्याची चांगली फाइल मिळवणं. यूट्यूबवरून उतरवलेल्या फाइलमध्ये साधारण १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग बहुधा कापलेला असतो. मोबाइलवर ते कळत नाही. मोठ्या साउंडवर गळा कोंदट येतो आणि मग ऑपरेटर टॉप, म्हणजे वरचे बारीक स्वर, वाढवत बसतो, त्याने कोंदटपणा जात नाही, कर्कशपणा वाढतो. म्हणून सीडी किंवा विकत घेतलेली वेव्ह फाइलच घ्यावी.

दुसरी पायरी वेग. गाण्याचा वेग बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती ठोके. १२८ बीपीएमचा ट्रॅक असेल तर चार ठोक्यांचा एक बार १.८७५ सेकंदांचा होतो आणि ३२ बार बरोबर एका मिनिटात बसतात. डीजे लोकांना हा आकडा आवडतो त्याचं हे एक कारण. आता जुन्या गाण्यात तबला-ढोलकी वाजवणारा हाडामासाचा माणूस होता, त्याच्या कानात वेग धरून ठेवणारा क्लिक नव्हता. कडव्यात तो १०४ वर असतो, मुखड्यावर परतताना १०६ वर जातो, शेवटी आणखी पुढे. कॉम्प्युटरची किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, मात्र जागची हलत नाही. म्हणून गाण्याची प्रत्येक सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधून तिथं खूण करावी लागते आणि त्या खुणा बारच्या रेषेवर ओढून बसवाव्या लागतात. याला वार्प करणं म्हणतात. सॉफ्टवेअर हे आपोआप करून देतं, पण अनागतावरून, म्हणजे समेच्या आधीच, उचललेल्या मुखड्याला ते हमखास फसतं, पहिल्या शब्दालाच सम समजतं. मग सगळं गाणं अर्धा ठोका सरकतं आणि पोरं कमेंटमध्ये लिहितात, ‘काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय भावा’.

वेग वाढवण्यालाही मर्यादा आहे. १०४ चं गाणं १२८ वर न्यायचं म्हणजे २३ टक्के पळवायचं. साधारण ८ टक्क्यांच्या पुढे गेलं की गळा रबरासारखा लागतो. अशा वेळी सगळं गाणं पळवू नये. मुखड्याच्या दोन ओळीच घ्याव्यात, किंवा ट्रॅकच ११० वर करावा. गाणं ६४ च्या आसपास असेल तर मात्र काम सोपं: गळा आहे तसा ठेवा, खाली दुप्पट वेगाचा ताल द्या.

सगळ्यात जास्त माती होते ती तालात. केरव्याच्या आठ मात्रा ‘धड-धड-धड-धड’ किकवर सरळ बसतात. दादऱ्याच्या सहा मात्रा बसत नाहीत, आणि आपली कितीतरी कोळीगीतं सहाच्याच वजनाची आहेत. नवशिका त्यांना ओढूनताणून चाराच्या चौकटीत कोंबतो आणि गाण्याचा झोका मरतो. उपाय गणितात आहे. दादऱ्याची दोन आवर्तनं म्हणजे १२ मात्रा. दर तिसऱ्या मात्रेवर एक किक दिली की १२ मात्रांत चार किक बसतात. म्हणजे प्रत्येक ठोक्याचे चार नव्हे, तीन भाग करायचे. सॉफ्टवेअरमध्ये त्याला ट्रिपलेट ग्रिड म्हणतात. हायहॅट, म्हणजे ड्रममधली झांज, तोसुद्धा त्याच ग्रिडवर हवा. एक वाद्य जरी चाराच्या ग्रिडवर राहिलं तरी लंगडतं.

तिसरी पायरी गळा वेगळा काढणं. पूर्वी यासाठी कंपनीकडून मूळ मल्टीट्रॅक, म्हणजे गळा आणि वाद्यं वेगवेगळी ठेवलेलं ध्वनिमुद्रण, मिळवायला लागायचा. २०१९ मध्ये डीझर या कंपनीने स्प्लीटर नावाचं साधन खुलं केलं, मेटाचं डेमक्सही तशाच कामाचं आहे; गळा, ड्रम, बेस आणि उरलेलं असे चार भाग काही मिनिटांत हातात येतात. निघालेला गळा नुसता ऐकला तर पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, ‘स’ आणि ‘श’ तुटतात, झांजेचे अवशेष राहतात. त्यावर नवं संगीत चढलं की बरंच झाकलं जातं. पण ट्रॅकच्या मध्ये जिथं सगळं थांबवून नुसता गळा ठेवायची हौस असते, तिथंच पितळ उघडं पडतं. त्या जागी वेगळा काढलेला गळा न ठेवता मूळ गाण्याचाच तुकडा ठेवणं बरं.

मग सूर. टेपच्या जमान्यातली गाणी पुष्कळदा काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधे कुठंतरी असतात. अर्ध्या सुराचे १०० भाग धरले तर ३०-४० भागांचा फरक सहज निघतो. तो न काढता कीबोर्डचा बेस लावला तर बेसुर लागतो, आणि ऐकणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी अंगावर येतं. गळा सुरात आणला की किकसुद्धा सुरात लावायची. गाण्याचा सा पांढरी पाच असेल तर किकचा गाभा ४९ हर्ट्झला ठेवला की ती बेसशी भांडत नाही.

## घरी झकास, मिरवणुकीत फुसका

ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिची कारणं नीट सांगायला हवीत.

पहिलं कारण खोली. पाच इंची वूफरचे स्पीकर ५० हर्ट्झच्या आसपास दम टाकतात. म्हणजे ज्या बेसवर मिरवणूक नाचणार, तो करणाऱ्यानेच ऐकलेला नसतो. वर खोली दहा बाय दहाची चौकोनी असेल तर ठरावीक स्वर कोपऱ्यात फुगतात आणि मध्यभागी नाहीसे होतात. भिंतीला अंड्याचे ट्रे लावून यात काडीचा फरक पडत नाही. ते वरच्या आवाजाला थोडंसं विस्कटतात, बेसला अडवायला त्यांच्यात वजनच नाही. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड पॅनल हवेत. तेवढं जमत नसेल तर कापसाच्या जाड गाद्या उभ्या केल्या तरी वरचा-मधला आवाज बराच ताब्यात येतो. बेससाठी मात्र चांगल्या हेडफोनवर आणि सॉफ्टवेअरमधल्या आलेखावर पडताळणी करावीच लागते.

दुसरं कारण स्टिरिओ. बेस रुंद वाटावा म्हणून डाव्या-उजव्या बाजूला थोडा वेगळा ठेवतात. हेडफोनवर तो छाती भरून येतो. मोठ्या साउंडवर बेसच्या पेट्या एकाच सिग्नलवर चालतात, म्हणजे डावं-उजवं एकत्र होतं, आणि एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असेल तर दोन्ही एकमेकांना खातात. बेस अक्षरशः गायब. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवायचं, आणि फाइल देण्याआधी पूर्ण ट्रॅक मोनोमध्ये एकदा ऐकायचा. याला दोन मिनिटं लागतात, तरीही बहुतेक जण टाळतात.

तिसरं कारण लिमिटर. आपला ट्रॅक शेजारच्या मंडळापेक्षा मोठा वाजावा म्हणून लिमिटर, म्हणजे उंच ठोके दाबून धरणारं साधन, लावून फाइल इतकी दाबली जाते की ठोका आणि सरासरी आवाज यांत फरकच उरत नाही. हा फरक ९ डेसिबलवरून ६ वर आणला तर ठोक्याची उंची तीच राहून सरासरी ताकद दुप्पट होते. ती सगळी उष्णता स्पीकरच्या कॉइलला सोसावी लागते. रात्री अकराला ‘बेस उडाला’ म्हणून जी धावपळ होते तिच्यामागे पुष्कळदा असा दाबलेला ट्रॅक आणि त्यावर क्लिप होणारा, म्हणजे ताकद संपून लाटेचे शेंडे कापणारा, ॲम्प्लिफायर अशी जोडगोळी असते. डॉल्बीसाठी फाइल वेगळी आणि ऑनलाइनसाठी वेगळी द्यावी. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्स या एकाच पातळीवर आणतं, यूट्यूबही मोठी गाणी तिथवरच खाली ओढतं. लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप. तिथं दाबून केलेला ट्रॅक मोठा वाजत नाही, उलट चपटा वाजतो.

## मालकीचं कोडं

आता मूळ प्रश्न. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, ज्यांचं कुणी कामाला आहे त्यांना हे चटकन कळेल. एका पार्टीचं ड्रॉइंग असतं, दुसऱ्या फाउंड्रीने त्यावरून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, काढलेलं असतं, आणि तुमच्या मशीनवर ते घासून, ड्रिल मारून परत जातं. तुम्ही कितीही सुबक काम केलंत तरी कास्टिंग तुमचं होत नाही. तुम्हाला मिळते ती मजुरी. गाण्याचं अगदी तसंच आहे. शब्द आणि चाल हे ड्रॉइंग: त्यावर गीतकार-संगीतकार किंवा त्यांनी हक्क दिलेल्या कंपनीची मालकी. ध्वनिमुद्रण हे कास्टिंग: त्याची मालकी निर्मात्याची, बहुधा म्युझिक कंपनीची. रिमिक्स म्हणजे जॉबवर्क.

कॉपीराइट कायदा, १९५७ हे दोन हक्क वेगवेगळे धरतो आणि रिमिक्सरला दोन्हीकडची परवानगी लागते. मुदतीही वेगळ्या आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, तीही पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायची. म्हणजे १९६० मध्ये आलेल्या रेकॉर्डचा ध्वनिमुद्रण हक्क २०२० अखेर संपला. पण संगीतकार १९९० मध्ये वारले असतील तर चालीचा हक्क २०५० पर्यंत जिवंत आहे.

अभंगांच्या बाबतीत तर हमखास फसगत होते. ‘तुकोबांच्या शब्दांवर कसला आलाय कॉपीराइट?’ बरोबर आहे, शब्दांवर नाही. पण आपण जी चाल गुणगुणतो ती विसाव्या शतकातल्या कुणा संगीतकाराने बांधलेली असते आणि ध्वनिमुद्रण एखाद्या कंपनीचं असतं. शब्द मोकळे, चाल बांधलेली, रेकॉर्ड बांधलेलं. भजनी मंडळाची परंपरेने चालत आलेली चाल घेऊन स्वतः गाऊन घेतलं, तर मात्र कुणाच्या दारात जावं लागत नाही.

## ‘सात सेकंद तर चालतात ना?’

नाही. सात, दहा किंवा पंधरा सेकंदांची कुठलीही सूट आपल्या कायद्यात लिहिलेली नाही. वर्णनात ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ असं लिहिल्यानेही काही साधत नाही. उलट आपल्याला मालक माहीत होता याची ती कबुली ठरते. गाणं विकत घेतलंय हा युक्तिवादही लंगडा, कारण विकत घेतला तो ऐकण्याचा हक्क.

‘मग नव्या गळ्यात गाऊन घेतलं तर?’ इथं थोडी वाट आहे. मूळ रेकॉर्डला हात लागला नाही तर कंपनीच्या ध्वनिमुद्रणाचा प्रश्न मिटतो, पण चाल आणि शब्द उरतातच. कायद्यातलं कलम ३१सी अशा कव्हर गाण्यांसाठी आहे. पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आगाऊ कळवायचं, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची, आणि मूळ रचनेत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायचा नाही. शेवटची अट वाचली की कळतं, रिमिक्सवाल्यांसाठी हे कलम फारसं कामाचं नाही. थेट मालकाशी बोलून परवाना घेणं हाच सरळ मार्ग. शिवाय कलम ५७ खाली रचनेची विटंबना झाली असं वाटलं तर लेखक-संगीतकार स्वतः हरकत घेऊ शकतात, मग हक्क कंपनीला विकलेले का असेनात.

‘पण गणपतीत, लग्नात तर राजरोस वाजतं!’ तेही खरं. कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, सरकारी समारंभ आणि लग्नाची वरात व त्याला जोडून होणारे कार्यक्रम यांत गाणं वाजवायला सूट आहे. सूट वाजवण्याला आहे, मोडतोड करून नवी फाइल बनवून ती ऑनलाइन चढवण्याला नाही. वरातीत वाजलेलं तेच गाणं दुसऱ्या दिवशी चॅनेलवर टाकलं की हिशेब बदलतो.

## व्ह्यूज आणि पैसे यांच्यात कोण उभं आहे

यूट्यूबवर दोन गोष्टींत फरक करायला शिका: क्लेम आणि स्ट्राइक. क्लेम म्हणजे यंत्रणेने गाणं ओळखलं. व्हिडिओ बहुधा चालू राहतो, जाहिरातींचे पैसे मालकाला जातात. स्ट्राइक म्हणजे मालकाने कायदेशीर मागणी करून व्हिडिओ काढायला लावला. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्या की चॅनेल जाऊ शकतं, त्यावरच्या तुमच्या स्वतःच्या रचनांसकट. १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास ही जाहिरात-कमाईची पात्रता गाठूनही क्लेम लागलेल्या रिमिक्सवर रुपया येत नाही तो याचमुळे. गळा थोडा वर सरकवून यंत्रणेला चकवायचे उद्योग काही दिवस चालतात. मग जुन्या अपलोडवरही क्लेम येतात, एकदम.

तर मग पैसा येतो कुठून? बाजारभाव माणसागणिक बदलतो म्हणून आकडे सोडून वाटा सांगणं बरं. एक, कस्टम ट्रॅक: मंडळाचं, डीजेचं किंवा साउंडचं नाव घालून केलेला. निम्मे पैसे आधी घ्यायचे, दोन दुरुस्त्या मोफत, तिसरीपासून वेगळा आकार, हे आधीच लिहून सांगायचं. नाहीतर आगमनाच्या आदल्या रात्रीपर्यंत ‘भावा, तेवढा बेस वाढव की’ संपत नाही. दोन, कंपनीचं अधिकृत रिमिक्स: मल्टीट्रॅक त्यांच्याकडून येतो, बहुधा एकरकमी मोबदला आणि नाव मिळतं, मालकी कंपनीचीच. तीन, जाहिराती, शॉर्टफिल्म, युनिटच्या उद्घाटनाचे व्हिडिओ, निवडणुकीची प्रचारगीतं. या तिसऱ्या वाटेला ग्लॅमर नाही, पण वर्षभर घर चालतं ते यावरच. प्रचारगीतात चित्रपटाच्या चालीवर शब्द बसवून मागतात, तेव्हा चाल स्वतःची करून द्या; उमेदवाराची निवडणूक पंधरा दिवसांत संपते, नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

हंगामाचं गणितही धरायला हवं. शिवजयंती, १४ एप्रिल, लग्नसराई, मग गणपती आणि नवरात्र. जून-जुलै कोरडे जातात. त्याच महिन्यांत गणपतीचे ट्रॅक संपवायचे, कारण मंडळं जागी होतात तेव्हा उरलेले असतात तीन आठवडे.

चौथी वाट संथ आहे आणि मुरायला वेळ घेते: स्वतःची रचना. डिस्ट्रिब्यूटरमार्फत गाणं सगळ्या ॲपवर जातं, प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळतो. संगीतकार-गीतकारांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं. १९६९ पासूनची ही संस्था गाणं जिथं वाजेल तिथून रचनेची रॉयल्टी गोळा करते. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. स्ट्रीमिंगचे मात्र मनोरे रचू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला काहीच मिळत नाही.

## ‘एआय आलंय, आता कोण विचारतो?’

साचेबंद साउंड चेक आणि पन्नास रुपयांत नाव घालून मिळणारे जिंगल, यांवर संक्रांत आहे हे मान्य करावं. पण मंडळाला हवी असते ती आपल्या पेठेची हलगी, आपल्या आवाजातली आरोळी. ते माल म्हणून कुठं तयार मिळत नाही. आणि कुणा प्रसिद्ध गायकाचा गळा यंत्राकडून काढून घेण्याचा मोह होत असेल तर एक लक्षात ठेवा: जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्याविरुद्ध त्यांना अंतरिम संरक्षण दिलं आहे.

## मीटर कमी दाखवतो, खिडक्या का थरथरतात?

प्रत्येक वर्षीचा हा वाद. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. वर्षात फार तर १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. हे माप ‘ए’ भारित डेसिबलचं आहे, म्हणजे माणसाच्या कानाला जे स्वर कमी ऐकू येतात त्यांना मीटर वजावट देतो. ५० हर्ट्झला ही वजावट सुमारे ३० डेसिबलची. प्रत्यक्षात १०० असलेला निव्वळ बेस मीटरवर ७० च्या आसपास दिसतो. ऑपरेटर मीटरकडे बोट दाखवतो, वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीकडे, आणि आपापल्या जागी दोघंही खरं बोलत असतात. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर. अरुंद गल्लीत ती भिंतींवरून परतत राहते आणि बंद दारातूनही आत जाते.

ट्रॅक करणाऱ्याच्या हातात यातलं थोडं आहे. बेसला सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित फाडून वरचे स्वर काढणारी प्रक्रिया, लावून त्याच्या दुप्पट-तिप्पट पट्टीतले स्वर, म्हणजे १०० ते १५० हर्ट्झचे, वर आणले तर कान खालचा बेस स्वतःच भरून काढतो. असा ट्रॅक कमी आवाजातही भरीव लागतो आणि लहान पेट्यांवरही मरत नाही. आवाजाच्या मर्यादा सैल होण्याची शक्यता नाही, तेव्हा हे कसब आत्ताच शिकलेलं बरं. स्वतःच्या कानांसाठीही हिशेब ठेवा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला जेमतेम १५ मिनिटं. मिक्सिंग ७५-८० च्या वर करूच नये.

## स्वतःचा माल: हलगीचा साउंड पॅक

जॉबवर्कमधून बाहेर पडायचा सर्वांत स्वस्त रस्ता आपल्या पट्ट्यात दाराशीच आहे. इंटरनेटवर तयार साउंडच्या, म्हणजे सॅम्पलच्या, अगणित फाइली मिळतात. अस्सल हलगी आणि तिच्या साथीची घुमकं, कैताळ ही वाद्यं नीट टिपलेली क्वचित मिळतात. एका दिवसात एक चांगला पॅक रेकॉर्ड होतो, तयारी असेल तर.

हलगी आधी शेकावी लागते. चामडं तापलं की आवाज चढतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा उतरायला लागतो. पावसाळी हवेत तर आणखी लवकर. त्यामुळे सगळ्यात आधी सूर मोबाइलच्या ट्यूनरवर बघून लिहून ठेवा, आणि प्रत्येक फेरीआधी हलगी तेवढ्यावर आणून घ्या. नाहीतर सकाळची आणि दुपारची हलगी एकाच ट्रॅकमध्ये दोन वाद्यांसारखी लागते. शेकायची जागा खोलीच्या बाहेर, धुराचा माइकवर परिणाम होतो. माइक चामड्यापासून दीडेक फुटावर, थोडा तिरका. समोरासमोर ठेवला तर जाड काडीच्या ठोक्याला हवेचा धक्का बसून आवाज फाटतो. पातळी अशी ठेवा की सर्वांत जोराचा ठोका उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ.

जाड काडीचे आणि बारीक काडीचे ठोके वेगवेगळे घ्या. प्रत्येकाच्या चार ताकदी, हलक्यापासून जोरापर्यंत, आणि प्रत्येक ताकदीचे किमान चार ठोके. एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजवला तर बंदुकीच्या फैरीसारखा यांत्रिक लागतो, चार आळीपाळीने वाजले की हात जिवंत वाटतो. सुटे ठोके झाले की चाली घ्या: लेझीमची, मिरवणुकीची, कुस्तीच्या मैदानातली. वाजवणाऱ्याच्या कानात क्लिक देऊ नका, त्याचा हात आखडतो. आधी त्याला मोकळं वाजवू द्या, वेग मोजा, आणि मग हवं तर त्या वेगाचा क्लिक दुसऱ्या फेरीत द्या.

राहिला कागद. कॉपीराइट कायद्यात वादकाचा स्वतःचा हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो; संमतीशिवाय त्याचं वादन विकता येत नाही. वाजवणाऱ्या मामांना संध्याकाळी जेवण आणि पाकीट देऊन मोकळं होणं ही इथली रीत आहे. ती पुरेशी नाही. एका पानावर मराठीत लिहा: काय वाजवलं, कुठल्या तारखेला, ते कुठं कुठं विकलं जाणार, आज किती पैसे दिले, विक्रीतला किती टक्के वाटा दर सहा महिन्यांनी देणार, पॅकवर नाव कसं छापणार. दोघांच्या सह्या, दोन प्रती. एक प्रत त्यांच्या घरी राहायला हवी.